रुपया मजबूत, मजुरी पैशांत

(धामणकर नाका, भिवंडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती छापताना काढली आहे. बाकी मजकूर बोललो तसाच ठेवला आहे.)



अंजूरफाट्यापासून इथे यायला मला आज पाऊण तास लागला. मेट्रोच्या खांबांखाली रिक्षा अडकली होती. पुढे सुताच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो, मागे ऑनलाइन मालाची खोकी भरलेला ट्रक आणि मध्ये मी. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, व्याख्यान आहे. कशावर? म्हटलं, पर्यटनावर जगणाऱ्या देशाचं चलन महाग झालं की तिथे मंदी कशी येते, त्यावर. तो आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, नाका चुकलात. पर्यटन वज्रेश्वरीला."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. आपल्या तालुक्यात पर्यटन म्हणायचं तर वज्रेश्वरीचं देऊळ, अकलोलीची आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. 1970 च्या दशकात मुक्तानंदांच्या आश्रमामुळे गणेशपुरीत अमेरिकन आणि युरोपीय साधक येऊन राहत, तेवढाच आपला परकीय चलनाशी समोरासमोर आलेला संबंध. पण मी नाका चुकलेलो नाही. हे पुढच्या तासाभरात पटलं नाही तर परत जाताना त्याच रिक्षावाल्याची माफी मागेन.

ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमतो, त्यांनी उभी हयात रात्रशाळेत मागावरच्या पोरांना अंकगणित शिकवलं. तेव्हा आज भाषण कमी आणि हिशेब जास्त करू.

सुरुवात लांबून करतो, आइसलंडपासून. 2011 च्या जनगणनेत आपलं शहर सात लाखांवर होतं. तो अख्खा देश त्याच्या निम्मा. मासे, अॅल्युमिनियम आणि बँका यांवर चालणारा. ऑक्टोबर 2008 मध्ये त्यांच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात बसल्या आणि क्रोना हे त्यांचं चलन निम्म्यावर आलं. घरावरची कर्जं, आयात धान्य, औषधं, सगळं महाग. माणसं रस्त्यावर येऊन भांडी बडवत होती. पुढे एप्रिल 2010 मध्ये तिथल्या एका ज्वालामुखीने राख ओकली, युरोपची विमानं काही दिवस जमिनीवर राहिली आणि त्या देशाचं नाव घरोघरी पोचलं. जाहिरात फुकट, वर चलन स्वस्त. ज्यांना तो देश कधीच परवडला नसता असे लोक विमानं भरभरून यायला लागले. 2010 मध्ये पाच लाखांच्या आत असलेले प्रवासी 2018 मध्ये तेवीस लाखांच्या आसपास गेले. साडेतीन लाखांच्या घरात तेवीस लाख पाहुणे.

आता गणित बघा. पाहुणा डॉलर घेऊन येतो, पण हॉटेलचं बिल क्रोनात असतं. म्हणजे त्याला क्रोना विकत घ्यावा लागतो. पहिल्या पाच लाखांनी घेतला तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. वीस लाखांनी घेतला तेव्हा क्रोना चढत गेला. 2016 आणि 2017 मध्ये तो इतका वधारला की रेक्याविकमधलं साधं जेवणसुद्धा युरोपातल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणायला लागलं. पाहुण्यांनी गर्दी केली म्हणून नाणं महागलं, आणि नाणं महागलं म्हणून पाहुणे आखडते झाले. सात रात्रींच्या चार केल्या, हॉटेलातलं जेवण सोडून दुकानातला पाव घेतला. मासे निर्यात करणारा कारखानदार तर आधीपासूनच ओरडत होता. त्याचा पर्यटनाशी संबंध नव्हता, पण नाणं एकच होतं. एकाच्या तेजीने दुसऱ्याचा माल महाग केला.

28 मार्च 2019 ला स्वस्त तिकिटांवर हे सगळं उभं करणारी वॉव एअर ही विमान कंपनी बंद पडली. त्या वर्षी पाहुणे साधारण सातातला एक, एवढे कमी झाले.

पण मला तुमचं लक्ष त्याच्या तीन आठवडे आधीच्या एका दिवसाकडे न्यायचं आहे. 8 मार्च 2019, महिला दिन. रेक्याविकच्या हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या बायकांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं. त्यांच्यात पोलंडहून आणि आणखी कुठून कुठून आलेल्या स्थलांतरित बायका मोठ्या संख्येने होत्या. एफ्लिंग ही त्यांची संघटना. त्यांचं म्हणणं साधं होतं: तेजी होती तेव्हा गाद्या आम्हीच घातल्या, मग आता नाणं महाग झालंय, धंदा मंदावतोय, म्हणून मजुरीला हात का? मालकांचं म्हणणंही खोटं नव्हतं, हॉटेलचा खर्च परदेशी माणसाच्या हिशेबाने खरोखर वाढला होता. एप्रिलच्या सुरुवातीला तडजोड झाली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: टक्क्यांत वाढ न देता सगळ्यांना सरसकट ठरावीक रक्कम, म्हणजे खालच्या पगाराला जास्त फायदा, आणि त्याच्या जोडीला व्याजदर उतरण्याची अपेक्षा करारातच लिहिलेली. मे महिन्यात त्यांच्या मध्यवर्ती बँकेने व्याज खाली आणलं.

साडेतीन लाखांच्या देशाची स्वतःची बँक आहे, स्वतःचं नाणं आहे. सात लाखांच्या भिवंडीचं नाही.

ग्रीसचंही नाही. ड्रॅक्मा होता तोपर्यंत ग्रीस अडचणीत आला की नाणं उतरवायचा. 1983 ला उतरवलं, 1985 ला उतरवलं. बेटांवरची हॉटेलं स्वस्त झाली की जर्मन पाहुणा परत यायचा. 2001 मध्ये युरो घेतला आणि ते दार बंद झालं. 2010 नंतर कर्जाचं संकट आलं तेव्हा नाणं उतरवता येईना. मग पगार उतरले, पेन्शनी उतरल्या आणि 2013 मध्ये दर चार हातांमागे एकाहून जास्त हात रिकामे होते. थायलंडचं उलट. 2 जुलै 1997 ला बाट मोकळा सोडला, तो डॉलरला पंचविसावरून सहा महिन्यांत पन्नासच्या पलीकडे कोसळला, बँका बुडाल्या, पण पुढच्या दोन वर्षांत बँकॉक जगातल्या स्वस्त सहलींच्या यादीत वर गेलं. आपल्याकडच्या टूर कंपन्यांची थायलंडची पानं त्याच सुमाराला जाड झाली, ती अजून जाडच आहेत.

आता जवळ येतो, गोव्याला.

2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. आधी राज्य सरकारने, मग सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या. ट्रक उभे, बार्जा उभ्या. राज्याच्या दोन पायांपैकी एक गेला, दुसऱ्यावर भार आला आणि तो दुसरा पाय म्हणजे पर्यटन. उत्तर गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर तेव्हा रशियन भाषेतल्या पाट्या होत्या, मेनूकार्डं रशियन होती, लोक गमतीने त्याला छोटा रशिया म्हणत. चार्टर विमानाने आलेला हा पाहुणा मोठ्या हॉटेलात राहून निघून जाणारा नव्हता. तो खोली भाड्याने घ्यायचा, दुचाकी भाड्याने घ्यायचा, शॅकवर बसायचा. म्हणजे त्याचा पैसा लहान हातांत जायचा.

2014 च्या सुरुवातीला एका रुबलला आपला पावणेदोन रुपयांच्या वर भाव होता. रशियावर निर्बंध आले, तेलाचा भाव पडला, आणि डिसेंबरच्या मध्यावर तोच रुबल रुपयाच्या आसपास आला. मोरजीच्या खोलीचं भाडं एका पैशाने वाढलं नव्हतं. दिल्लीने, मुंबईने रुपयाला हात लावला नव्हता. तरीही मॉस्कोतल्या कुटुंबाला गोवा जवळजवळ दुपटीने महाग झाला. त्याआधीच त्या उन्हाळ्यात रशियातल्या दोन-तीन सहल कंपन्या बुडाल्या होत्या. हंगाम पडला. 2019 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनची थॉमस कुक बुडाली तेव्हा दुसरा तडाखा.

रुबल पडला त्या वर्षीची वर्तमानपत्रं काढून बघा. आतल्या पानावर गोव्याचा शॅकवाला रडतोय आणि अर्थपानावर रुपया इतर देशांच्या चलनांपेक्षा कसा खंबीर राहिला याचं कौतुक आहे. दोन्ही बातम्या खऱ्या. फक्त एकमेकींशी ओळख नसल्यासारख्या शेजारी छापलेल्या.

गोव्यातली या परदेशी पाहुण्यांची जागा मुंबई-पुण्याच्या शनिवार-रविवारच्या गाड्यांनी भरून काढली, हे आपण जाणतोच, आपणही त्यांत असतो. पण तो पाहुणासुद्धा आता हिशेब करतो. 2022 मध्ये श्रीलंकेचं दिवाळं निघालं, तिथला रुपया डॉलरला दोनशेवरून साडेतीनशेच्या पुढे गेला. 2023 च्या नोव्हेंबरपासून थायलंडने आपल्याला व्हिसा माफ केला. डोंबिवलीतलं कुटुंब कळंगुटची खोली आणि फुकेतची खोली शेजारी ठेवून बघतं. म्हणजे गोव्याच्या टॅक्सीवाल्याची स्पर्धा शेजारच्या टॅक्सीवाल्याशी राहिलेली नाही, ती बाटशी आहे. आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, झालं गोवापुराण. नाक्यावर कधी येणार? येतो, पण मुंबईवरून. कारण ही गोष्ट आपल्या घरात शंभर वर्षांपूर्वी घडून गेली आहे आणि आपण ती संपाची गोष्ट म्हणून पाठ केली, नाण्याची म्हणून कधी वाचलीच नाही.

मुंबईच्या गिरण्यांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक चीन होतं. आपण सूत पाठवायचो, तिथला विणकर विणायचा. चीनचं नाणं चांदीचं, आपला रुपयाही चांदीचा, त्यामुळे व्यवहार सरळ. 26 जून 1893 ला इंग्रज सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. हेतू असा की चांदी कितीही पडो, रुपया पडू नये. लंडनला जो खर्च पौंडांत पाठवावा लागे तो भारी पडत होता. पुढच्या पाच-सहा वर्षांत रुपया 16 पेन्सांवर स्थिर झाला. सरकारचा हिशेब बसला. पण चीनच्या व्यापाऱ्याच्या हातात चांदीच होती. त्याच्या लेखी मुंबईचं सूत महागलं आणि बाजारात जपानी सूत हजर होतं. 1896 मध्ये प्लेग आला, तेव्हा सगळा दोष उंदरांवर गेला.

दुसरा अंक 1920 च्या दशकातला. पहिल्या महायुद्धानंतर रुपया वरखाली हेलकावत होता. 1924-25 मध्ये तो चढून 18 पेन्सांवर आला आणि सरकारने तो तिथेच बांधायचं ठरवलं. मुंबईचं म्हणणं, 16 ठेवा. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने 1926 मध्ये 18 ची शिफारस केली. आयोगावरचे पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी विरोधी टिपण जोडलं. मुंबईत करन्सी लीग निघाली, सभा झाल्या. 1927 मध्ये कायदा झाला, 18 पेन्सांचा.

दोन पेन्सांसाठी एवढा गलका कशाला? सरांच्या पद्धतीने पाटीवर मांडू. पौंडाचे पेन्स 240. रुपया 16 पेन्सांचा असेल तर एक पौंड म्हणजे 15 रुपये. 18 पेन्सांचा असेल तर 13 रुपये 5 आणे 4 पै. म्हणजे लँकेशायरहून एक पौंडाचं कापड मुंबई बंदरात उतरलं की ते आपोआप 1 रुपया 10 आणे 8 पैंनी स्वस्त. कुणी कार्यक्षम झालं नाही, कुणी नवं यंत्र लावलं नाही. फक्त रुपया साडेबारा टक्क्यांनी मजबूत झाला.

आता दुसरा आकडा ऐका. 1925 च्या उन्हाळ्याअखेर मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांच्या मिळकतीत कपात जाहीर केली. किती? साडेअकरा टक्के.

साडेबारा आणि साडेअकरा. यातून मी नाट्य उभं करणार नाही. जपानी कापडाची स्पर्धा होती, युद्धातली तेजी ओसरली होती, नफा होता तेव्हा मालकांनी तो वाटून खाल्ला होता. पण मालकांच्या हाती काय होतं बघा. विनिमयाचा दर त्यांच्या हातात नाही, कापसाचा भाव त्यांच्या हातात नाही, यंत्रं लँकेशायरचीच. हाताशी येणारी एकच गोष्ट होती, मजुरी, आणि ती परळ-लालबागच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहत होती. सप्टेंबरपासून दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर राहिले. डिसेंबरात सरकारने कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली, संप सुटला. तो कर लँकेशायरच्या समाधानासाठी गेली तीस वर्षं लावलेला होता. म्हणजे नाण्याने घातलेलं ओझं सरकारने दुसऱ्या खिशातून थोडं उचललं, तेव्हा मजुरी वाचली. तीही तात्पुरती. 1928 मध्ये कमी माणसांत जास्त माग चालवण्याचा प्रश्न आला आणि पुन्हा सहा महिने गिरण्या बंद.

त्याच 1925 मध्ये चर्चिलने पौंड युद्धापूर्वीच्या सोन्याच्या भावाला बांधला. केन्सने लगेच पुस्तिका लिहिली की याचा अर्थ कोळशाच्या खाणीतल्या मजुराचा पगार कापणं हाच आहे. पुढच्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये सार्वत्रिक संप झाला. राज्य करणारा आणि राज्याखालचा, दोघांच्याही मजुराला एकाच वर्षी तीच पावती आली.

इथे थांबून एक हरकत मीच घेतो, कारण या गावात ती घेतली नाही तर सरांना आवडलं नसतं. मग रुपया स्वस्त ठेवा म्हणजे झालं, असं ठरतं का? नाही. 1923 मध्ये लंडनहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. आज त्यांचे पुतळे नाक्यानाक्यावर आहेत, पण त्या पुस्तकातला हा मुद्दा नाक्यावर आलेला नाही. रुपया उतरला की निर्यातदाराला फायदा होतो, हे खरं. पण तो फायदा परदेशातून येत नाही, असं ते दाखवतात. उतरत्या रुपयाने देशात भाव चढतात, मजुरी त्यांच्या मागून लंगडत येते, आणि मधलं अंतर व्यापाऱ्याच्या खिशात जातं. म्हणजे निर्यातीचा नफा हा देशाचा नफा नसतो, तो एका वर्गाने दुसऱ्याकडून घेतलेला असतो. 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्षीला गेलेला हा माणूस मालकांच्या स्वस्त रुपयाच्या घोषणेला भुलणारा नव्हता.

दोन्ही बाजू समोर ठेवा. रुपया चढला तर मजुरी थेट कापली जाते. रुपया उतरला तर मजुरी तशीच राहते आणि डाळ, रॉकेल महागतं. पहिल्यात संप होतो, दुसऱ्यात होत नाही, म्हणून सरकारांना दुसरा मार्ग जास्त आवडतो. माझं मत विचाराल तर रुपया मजबूत हवा की कमजोर, हा वाद श्रीमंतांचा आहे. ज्याची मजुरी रोज नव्याने ठरते त्याचा प्रश्न वेगळा आहे. धक्का येतो तेव्हा तो कुठल्या मजल्यावर थांबतो, हा त्याचा प्रश्न.

आता नाक्यावर आलो.

ही वही बघा. माझ्या एका विद्यार्थ्याने दिली. त्याच्या वडिलांचा पद्मानगरच्या बाजूला मागांचा लहान कारखाना होता, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे झिजलेले, पहिल्या पानावर हळदीकुंकवाचा डाग. सुरुवातीची पानं तेलुगूत, पुढची मराठीत, आकडे सगळीकडे तेच. हे लोक तेलंगणातून आले, त्यांच्या आधी उत्तर प्रदेशातून मोमिन विणकर आले, आणि 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचं काम इथे आलं. नुसतं काम नाही, गिरण्यांनी मोडीत काढलेले मागसुद्धा आले. 1928 मध्ये ज्यावरून भांडण झालं त्याच जातीच्या मागांवर आपल्याकडे पुढची तीस-चाळीस वर्षं कापड निघालं.

वहीत तारीख, व्यापाऱ्याचं नाव, किती ताके, किती मीटर आणि पिकाचा दर. शहरातून आलेल्या श्रोत्यांसाठी सांगतो, हे पीक शेतातलं नव्हे. आडवा धागा एकदा गेला की एक पिक. इंचाला 52 पिकांचं कापड असेल आणि दर, हिशेबासाठी धरू, इंचातल्या दर पिकामागे मीटरला 10 पैसे, तर मीटरला 5 रुपये 20 पैसे मजुरी. सूत व्यापाऱ्याचं, ग्रे कापड व्यापाऱ्याचं, मागवाल्याला मिळते ती ही मजुरी. त्यातून वीज, जागेचं भाडं, कांडीवाला, सुटे भाग, आणि बारा तास उभा राहणाऱ्या कारागिराचा वाटा. दर 10 चा 9 झाला तर ऐकायला एक पैसा, मीटरला 52 पैसे, आणि मिळकतीत दहा टक्के. वीज कंपनी दहा टक्के सोडत नाही. जागेचा मालक सोडत नाही. उरतो कोण ते तुम्हीच बघा.

या वहीत 2007 ची पानं आहेत. त्या वर्षी परदेशी भांडवल देशात इतकं आलं की जानेवारीत 44 च्या आसपास असलेला डॉलर वर्षअखेर 40 च्या खाली होता. दहा हजार डॉलरच्या कापडाचे 4 लाख 40 हजार मिळायचे ते 3 लाख 95 हजार मिळू लागले. निर्यातीवर जगणारं तिरुपूर ओरडलं, केंद्राने जुलैत निर्यातदारांसाठी मदत जाहीर केली. त्या मदतीत पिकाचा रकाना नव्हता. भिवंडीचा मागवाला कागदोपत्री निर्यातदार नाहीच; त्याचं कापड बहुतेक देशातच खपतं. पण ज्याचं निर्यातीचं कापड अडकलं त्याने ते देशी बाजारात ओतलं, आणि तो भार तीन हात पुढे जाऊन इथे पोचला. वहीत 2007 च्या दिवाळीनंतर पिकाचा दर तीनदा खोडून खाली लिहिला आहे. आकडे त्या घरचे आहेत, ते मी वाचणार नाही. खोडल्याचं कारण कुठेच लिहिलेलं नाही. विद्यार्थ्याला विचारलं. म्हणाला, "शेठ म्हणाला, मार्केट डाऊन आहे. बाबांनी विचारलं नाही का म्हणून."

आणि रुपया उतरला की आपले बरे दिवस येतात, असंही नाही. भिवंडीची खरी चेष्टा इथे आहे. रुपया स्वस्त झाला, किंवा जगात कापसाला भाव आला, की गिरणीवाला सूत परदेशी धाडतो, इथलं सूत महागतं. 2011 च्या मार्चमध्ये कापसाची खंडी साठ हजारांवर गेली होती तेव्हा किती कारखान्यांत बीम रिकामे होते, ते इथल्या पहिल्या दोन रांगांना आठवत असेल. रुपया महागला तर परदेशी कापड स्वस्त, रुपया उतरला तर सूत महाग. दोन्हीकडून ढोलकी आपलीच.

कारागिराचं जेवण बिसीवर असतं. नाक्याच्या आसपास अशा कितीतरी बिसी आहेत, एखादी बाई पंचवीस-तीस माणसांचं दोन वेळचं रांधते आणि पगाराच्या दिवशी हिशेब होतो. माग बंद पडला की कारागीर रात्रीच्या गाडीने गावी जातो, आणि बिसीवालीच्या भिंतीवर खडूने लिहिलेली बाकी तशीच राहते. मोरजीचा शॅकवाला, रेक्याविकची खोली झाडणारी आणि ही बिसीवाली, तिघांचा एकच धंदा आहे: बाहेरून येणाऱ्या पैशाच्या शेवटच्या टोकाला बसणं. मग 2016 ची नोटबंदी, 2017 चा जीएसटी, 2020 ची टाळेबंदी. त्या सप्टेंबरच्या 21 तारखेला पहाटे इथून हाकेच्या अंतरावर पटेल कंपाउंडमध्ये इमारत कोसळली. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, इथे त्या घरांतली माणसं बसलेली असू शकतात.

रिक्षेच्या मागचा तो ट्रक आठवा. पूर्णा, काल्हेर, माणकोलीची गोदामं आधी मुंबईच्या जकातीपासून वाचायला म्हणून वाढली. आता देशभरचा माल तिथे उतरतो आणि त्यातला बराच समुद्रापलीकडून येतो. रुपया मजबूत असला की ती गोदामं खूश. म्हणजे एकाच नाक्यावर एकाच रुपयाला दोन भाव आहेत: पुढच्या टेम्पोला तो जड आणि मागच्या ट्रकला हलका. मागावरून सुटलेला पोरगा गोदामात खोकी उचलायला जातो, आम्ही अर्थशास्त्रवाले त्याला स्थित्यंतर म्हणतो. पण माग चालवायला त्याला बरीच वर्षं शिकावं लागलं होतं, आणि खोकं उचलायला एक सकाळ पुरली.

काय करता येईल, हे विचारणारे विचारतील. नाणं आपल्या हाती नाही, हे मान्य. पण 1925 मध्ये अबकारी कर उचलला गेला तो चळवळीने. आइसलंडात वाढ आणि व्याजदर एका कागदावर आले तेही संघटनेने. तशी मागणी मांडायची तर आधी पुरावा लागतो. मुंबईच्या गिरण्यांचा पुरावा आहे, आयोगांच्या, टॅरिफ बोर्डाच्या जाड जाड खंडांत मजुरीचा पै-पैचा हिशेब छापलेला आहे, म्हणून मी आज तुम्हाला साडेअकरा टक्के सांगू शकलो. लाखो माग चाललेल्या या शहराच्या पिकाच्या दराचा असा सलग हिशेब मला कुठल्याच छापील पुस्तकात सापडला नाही. तो आहे तो अशा लाल वह्यांत, व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्यांत, बिसीच्या बाकीत. मराठीत, उर्दूत, तेलुगूत. कारखाने विकले गेले तेव्हा माग किलोच्या भावाने भंगारात गेले आणि वह्या त्यांच्याबरोबर रद्दीत.

ज्यांच्याकडे अजून असतील त्यांना एवढंच सांगणं आहे. नावं झाकून नकला करून घेऊ, मूळ वही तुमची तुम्हाला परत. दाराशेजारी टेबल आहे, त्यावर पावतीपुस्तक घेऊन दोन विद्यार्थी रविवारी सकाळी दहा ते एक बसतील. 2007 ची असेल तर आधी आणा.